वाळलं गवत आणि डिझेलचा हिशोब: विदर्भातल्या लहान शेतकऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दसरा सरला की धुऱ्यावरचं (बांधावरचं), पडीतलं आणि नाल्याकाठचं गवत पिवळं पडायला लागतं. नेमक्या त्याच दिवसांत सोयाबीनची सोंगणी, कापसाची पहिली वेचणी आणि हरभऱ्याची तयारी अंगावर येते. गवत मागं पडतं. मग उन्हाळ्यात कुटार (मळणीनंतर उरणारा भुसा) विकत आणताना जीव जातो. दोन-चार जनावरं आणि दोन-पाच एकर वावर असलेल्या माणसाला वाळलं गवत नक्की कितीला पडतं, आणि त्यातलं इंधन किती, याच प्रश्नांची उत्तरं इथं दिली आहेत. हिशोबासाठी डिझेल ९० रुपये आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर धरलं आहे. तुमच्या पंपावरचा भाव वेगळा असेल तर तो टाकून आकडे बदलून घ्या.

आधी सांगा, गवत लागणार किती?

साडेतीनशे किलोच्या गाईला किंवा बैलाला दिवसाला साधारण नऊ-दहा किलो कोरडा चारा लागतो. म्हणजे वजनाच्या अडीच टक्क्यांच्या थोडं वर. यातला अर्धा चारा कुटार-कडब्यातून निघाला, तर उरलेलं पाच किलो गवत रोज हवं. मार्च ते जून हे चार महिने धरले तर एका जनावरामागं सहा क्विंटल होतात. तीन जनावरांना अठरा क्विंटल. पुढचे सगळे आकडे याच अठरा क्विंटलवर मांडले आहेत. चांगल्या राखलेल्या गवताच्या जमिनीतून एकरी नऊ क्विंटल वाळलं गवत मिळालं, तर दोन एकरांत काम भागतं. गुरं चरून उघडी पडलेली पडीत असेल तर एवढं निघणार नाही.

एक क्विंटल गवत घरी यायला डिझेल किती जळतं?

समजा गवत गावापासून तीन किलोमीटरवर आहे आणि ट्रॅक्टर पस्तीस हॉर्सपॉवरचा आहे. मागं कटर जोडून एक एकर कापायला तीन लिटरच्या आसपास डिझेल जातं, म्हणजे दोन एकरांना सहा लिटर. सुटं गवत ट्रॉलीत दिसतं डोंगराएवढं, पण वजनाला भरतं सहा क्विंटल. अठरा क्विंटलच्या तीन खेपा झाल्या. जाऊन-येऊन अठरा किलोमीटर, आणि ट्रॉलीसह ट्रॅक्टर लिटरला साडेतीन किलोमीटरच्या आसपास चालतो. म्हणजे पाच लिटर.

याशिवाय एक खर्च कोणाच्या तोंडी येत नाही. माणसं ट्रॉली भरत असतात आणि ट्रॅक्टर शेजारी सुरूच असतो. उभ्या ट्रॅक्टरला तासाला जवळपास लिटरभर डिझेल लागतं. तीन ट्रॉल्या भरायला मिळून दोन तास गेले तर दोन लिटर गेले, आणि त्यातून एक काडीही हलली नाही.

सगळं मिळून तेरा लिटर, म्हणजे १,१७० रुपये. अठरा क्विंटलवर वाटले तर क्विंटलमागं ६५ रुपये. यात मजुरी नाही, ट्रॅक्टरचं भाडं नाही. फक्त डिझेल.

माझं ठाम म्हणणं आहे की हिशोब तासावर किंवा एकरावर न करता क्विंटलवरच करावा. एकरी खर्च सारखाच राहतो; वावरात गवत विरळ असलं, भिजून सडलं किंवा उशिरा कापून काडीच उरली, की क्विंटलचा भाव गुपचूप वाढतो.

आमच्याकडं ट्रॅक्टरच नाही, भाड्यानं आणतो. मग डिझेलचा हिशोब आम्ही का करावा?

कारण डिझेल तुमच्याच खिशातून जातं, फक्त ते भाड्यात मिसळलेलं असतं. तासाच्या भावानं ठरवलं असेल तर ट्रॉली भरेपर्यंतचा तास तुमचा. खेपेच्या भावानं ठरवलं असेल तर ट्रॉली अर्धी भरून गेली तरी पैसे पुरे. म्हणून गवतासाठी खेपेचा भाव ठरवा, आणि ट्रॅक्टर यायच्या आधी गवताचे ढीग रस्त्याच्या कडेला करून ठेवा. वावरभर पसरलेलं गवत गोळा करत ट्रॅक्टर फिरवणं हे सगळ्यात महागडं काम आहे.

अजून एक गोष्ट आहे. दुसऱ्या कुणाचं काम करून तोच ट्रॅक्टर तुमच्या बाजूनं रिकामा गावाकडं परतत असेल, तर त्याच्याशी आधीच बोलून ठेवा. त्याची परतीची फेरी तशीही होणारच असते.

ब्रश कटर घेतला तर इंधन वाचेल का?

ब्रश कटर म्हणजे अंगाला अडकवून चालवायचं, पेट्रोलवरचं गवत कापायचं लहान यंत्र. त्यानं इंधन वाचत नाही. हे ऐकून अनेकांना धक्का बसतो, म्हणून आकडे बघा. दाट गवताच्या एका एकराला चार तास धरा. तासाला पाऊण लिटर पेट्रोल, म्हणजे एकरी तीन लिटर आणि दोन एकरांना सहा. त्याचे झाले ६३० रुपये, क्विंटलमागं ३५. ट्रॅक्टरच्या कटरला त्याच कामासाठी क्विंटलमागं ३० रुपयांचं डिझेल लागलं होतं. यंत्र लहान असलं तरी क्विंटलमागचं इंधन जवळपास तेवढंच जातं.

तरीही लहान शेतकऱ्यासाठी ब्रश कटर उपयोगाचा आहे. त्याची कारणं वेगळी आहेत: ट्रॅक्टर शिरत नाही अशा धुऱ्यावर, उतारावर, झाडांच्या बुडाशी तो चालतो, कुणाची वाट पाहावी लागत नाही, आणि ऊन पडलं की त्याच दिवशी काम सुरू करता येतं. टू-स्ट्रोक इंजिन असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळताना यंत्राच्या कंपनीनं सांगितलेलं प्रमाणच पाळा. अंदाजानं ओतलं की इंजिन जाम होतं किंवा धूर ओकतं. गवताला कटरच्या नायलॉन दोरीपेक्षा धातूचं पातं बरं. दोरी गवत तोडत नाही, चेचते, आणि चेचलेलं गवत गोळा करताना मातीत मिसळतं. डोळ्यावर चष्मा आणि पायात बूट हवेतच. गवतातला खडा बंदुकीच्या गोळीसारखा उडतो.

विळ्यानं कापलं तर?

इंधन शून्य. मजुरी मात्र जास्त, आणि सोंगणीच्या दिवसांत मजूर मिळणंच कठीण. घरची माणसं असतील आणि गवत एकरभरच असेल, तर दातेरी वैभव विळा घ्या. साध्या विळ्यापेक्षा तो हाताला हलका चालतो आणि वारंवार धार लावावी लागत नाही. विळ्यानं कापलेलं गवत सरळ पेंढ्या बांधून निघतं, त्यामुळं ट्रॉलीत जास्त मावतं. खेप वाचली की डिझेल वाचलं.

कापायची वेळ आणि डिझेल यांचा काय संबंध?

सगळ्यात मोठा संबंध इथंच आहे.

फुलोऱ्यातल्या गवतात ऑक्टोबरमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. गंजी (वाळल्या गवताचा रचलेला ढीग) लावायची तर ते पंधरा टक्क्यांपर्यंत उतरायला हवं. अठरा क्विंटल वाळल्या गवतासाठी आपण जवळपास एक्कावन्न क्विंटल ओलं गवत कापतो, आणि त्यातलं तेहेतीस क्विंटल पाणी उडून जातं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता लागते आणि एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल असते. गुणाकार-भागाकार केला तर हेच पाणी डिझेल जाळून उडवायला २२० लिटर लागले असते. आपण जाळतो तेरा. बाकीचं काम विदर्भाचं ऊन फुकट करून देतं.

म्हणून गवताचं सगळं नियोजन उन्हाभोवती करायला हवं. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात विदर्भातून मान्सून परततो. त्यानंतरचे दिवस कडक, कोरडे असतात आणि दव अजून जड पडत नाही. या दिवसांत कापलेलं गवत तीन-चार दिवसांत वाळतं. हाच काळ मारवेल, पवन्यासारख्या चांगल्या गवताच्या फुलोऱ्याचा असतो. निसर्गानं दोन्ही गोष्टी एकत्र आणून दिल्या आहेत.

दिवाळीनंतर महिनाभर थांबलात तर गवत उभ्याउभ्याच वाळलेलं मिळेल हे खरं. कापलं की लगेच भरता येतं. पण बी झडून गेलेलं असतं, पानं गळलेली असतात आणि काडीत दम नसतो. फुलोऱ्यातल्या गवतात प्रथिनं सहा-सात टक्क्यांच्या आसपास असतात, पिकून वाळलेल्या गवतात ती तीनपर्यंत उतरतात. तेरा लिटर डिझेल तेवढंच जळतं, पण घरी येतं ते अर्ध्या ताकदीचं. मग तीच कमी भरून काढायला ढेप (पेंड) आणावी लागते, आणि ढेपेचा भाव तुम्हाला माहीत आहे.

कुसळी गवताचं तर आणखी जपावं लागतं. कुसळं तयार व्हायच्या आत ते कापलं नाही तर जनावराच्या तोंडात, हिरड्यांत ती रुततात. त्या वेळेनंतर ते गवत चाऱ्यासाठी आणूच नका.

दिवसाच्या कुठल्या वेळी कापावं, कधी गोळा करावं?

सकाळी दव उडालं की कापा. दुसऱ्या दिवशी दुपारी एकदा दाताळ्यानं पलटा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी तीन-चार वाजता, दव पडायच्या आधी गोळा करा. पलटणी हातानं केली तर इंधन लागत नाही आणि दोन एकरांना दोन माणसं पुरतात. त्यासाठी ट्रॅक्टरमागं यंत्र लावणं एवढ्याशा रानात परवडत नाही.

गवत पुरतं वाळलं हे कसं ओळखावं?

मूठभर गवत घेऊन पिळा. काडी कट्कन तुटली आणि हाताला ओल लागली नाही तर वाळलं. नुसती वाकली तर एक ऊन अजून हवं. खात्री करायची असेल तर काचेच्या कोरड्या बाटलीत गवताचे बारीक तुकडे आणि चमचाभर कोरडं मीठ टाकून बाटली काही मिनिटं हलवा. मीठ काचेला चिकटलं तर गवत अजून ओलं आहे.

ओलं गवत गंजीत गेलं तर आतून तापतं, काळं पडतं, बुरशी धरते. फार ओलं असेल तर गंजी आपोआप पेट घेऊ शकते. गंजी लावल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत अधूनमधून आत हात घालून बघा. हाताला सोसवत नाही इतकं गरम लागलं तर गंजी उकलून पसरा.

कापलेल्या गवतावर पाऊस आला तर?

पहिल्या दिवशीच्या हिरव्या गवतावर आलेली सर फारसं बिघडवत नाही. तिसऱ्या दिवशीच्या वाळत आलेल्या गवतावर आली तर मोठं नुकसान करते. सत्त्व धुऊन जातं, पानं झडतात. अठरा क्विंटलपैकी चौदाच कामाचं उरलं तर तेच १,१७० रुपये चौदावर पडतात, क्विंटलला ८४. म्हणून सगळं रान एका दिवशी कापू नका. चार दिवसांचा अंदाज बघून तेवढ्यात उचलता येईल तेवढंच कापा. हवामान विभागाचं ‘मेघदूत’ हे ॲप मराठीत आहे आणि त्यात आपल्या भागाचा पुढच्या काही दिवसांचा अंदाज मिळतो.

बेलरनं गठ्ठे बांधून घेणं परवडतं का?

अंतर किती, यावर सगळं आहे.

लहान गोल बेलर वीस किलोच्या आसपासचे गठ्ठे बांधतो. अठरा क्विंटलचे नव्वद गठ्ठे. तासाला चाळीस गठ्ठे धरले तर सव्वादोन तास आणि तासाला चार लिटर प्रमाणे नऊ लिटर डिझेल. गठ्ठे केल्यानं ट्रॉलीत सहाऐवजी नऊ क्विंटल सहज बसतात. तीन खेपांच्या दोन झाल्या, एक खेप वाचली.

आता वाचलेल्या एका खेपेत नऊ लिटर डिझेल वाचायला हवं. लिटरला साडेतीन किलोमीटर म्हणजे जाऊन-येऊन साडेएकतीस किलोमीटर. गवत गोठ्यापासून पंधरा-सोळा किलोमीटरपेक्षा जवळ असेल तर बेलरचं डिझेल वाहतुकीत भरून निघत नाही. घराजवळच्या दोन एकरांसाठी बेलर बोलावू नका, कारण त्याच्या येण्या-जाण्याचंही डिझेल तुमच्याच भाड्यात बसतं.

पण भंडारा-गोंदियाकडं धान निघाल्यावर तणस (धानाचा पेंढा) बांधायला बेलर येतातच. एका बांधाला लागून असलेल्या आठ-दहा जणांनी एकाच दिवशी काम काढलं तर येण्या-जाण्याचा खर्च विभागतो. आणि ज्यांना गवत दूर विकायचं आहे, किंवा ज्यांच्याकडं साठवायला जागा कमी आहे, त्यांच्यासाठी बेलर नक्कीच फायद्याचा आहे. पत्र्याखाली रचलेले गठ्ठे पावसाळ्यातही टिकतात, सुट्या गंजीचा वरचा थर मात्र दर पावसाळ्यात सडतो.

बैलबंडी आजही स्वस्त पडते का?

बैलजोडी घरी असेल तर होय. बंडीत तीन क्विंटल गवत जातं, तीन किलोमीटरसाठी दिवसाला दोन फेऱ्या आरामात होतात. अठरा क्विंटल तीन दिवसांत घरी, आणि ट्रॅक्टरच्या तेरा लिटरमधले वाहतुकीचे पाच आणि उभं राहण्याचे दोन लिटर वाचले. म्हणजे ६३० रुपये. काम असो वा नसो, बैल चारा खाणारच आहेत. जोडी रोज अठरा-वीस किलो कोरडा चारा खाते, म्हणून नुसत्या गवतासाठी बैल ठेवणं मात्र परवडणार नाही.

वर्ध्याच्या आर्वी-कारंजा पट्ट्यात गवळाऊ जनावरं आणि कुरणं एकमेकांच्या आधारानं टिकून राहिली. तिथला हलका, चपळ बैल अशा वाहतुकीसाठी नावाजलेला आहे. ही जात जपली जावी असं मला मनापासून वाटतं, आणि बंडीची एकेक फेरीही तिला हातभार लावते.

ट्रॅक्टर नेमका किती डिझेल पितो हे कसं मोजावं?

सपाट जागी ट्रॅक्टर उभा करून टाकी गळ्यापर्यंत भरा. काम करा. परत त्याच जागी येऊन मापानं पुन्हा तेवढीच भरा. जेवढं ओतलं तेवढं जळलं. किती एकर कापलं, किती खेपा झाल्या, हे बाजूला वहीत लिहा. एका हंगामाच्या नोंदीनंतर कुणाच्या अंदाजावर विसंबावं लागत नाही.

नोंद ठेवली की चार सवयी लगेच लागतात. ट्रॉली भरताना इंजिन बंद. रिकामी ट्रॉली ओढताना वरचा गिअर आणि कमी रेस. कटरचं पातं बोथट होऊ न देणं. आणि एअर फिल्टर रोज झटकणं. गवत कापताना उडणारी कुसं आणि धूळ फिल्टर बुजवतात, मग इंजिन काळा धूर सोडतं आणि डिझेल जास्त खातं. चाकांची हवा कमी असली तरी रस्त्यावर डिझेल वाढतं, तेही बघा. वावरात लांबीच्या दिशेनं कापत गेलात तर वळणं कमी होतात.

कुटार, गव्हांडा (गव्हाचा भुसा), तणस असताना गवताच्या मागं का लागायचं?

ज्याच्याकडं भरपूर आहे त्यानं नाही लागलं तरी चालेल. पण ज्वारीचा पेरा घटला आणि कडबा दुर्मिळ झाला. सोयाबीन हार्वेस्टरनं काढलं तर कुटार वावरात पसरून जातं, थ्रेशरनं काढलं तरच ढीग मिळतो. धानाच्या तणशीत सत्त्व कमी असतं. ती खाऊ घालायचीच तर शंभर किलोला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडून एकवीस दिवस हवाबंद झाकून ठेवण्याची पद्धत आहे. पण हे पशुवैद्यकांना विचारूनच करा, वासरांना अशी तणस देऊ नका. फुलोऱ्यात कापलेलं गवत या सगळ्यांपेक्षा सरस, आणि त्याला पेरणी-खताचा खर्च नाही.

कुट्टी (यंत्रानं चाऱ्याचे बारीक तुकडे) करण्यात किती खर्च जातो?

दोन हॉर्सपॉवरच्या मोटरला तासाला दोन युनिटच्या आत वीज लागते. तासाला दोन क्विंटल वाळलं गवत कापलं आणि युनिट आठ रुपये धरलं तर क्विंटलला आठ रुपये. तेच लहान डिझेल इंजिनवर तासाला लिटरभर गेलं तर क्विंटलला ४५. वीज असेल तिथं इंजिन लावू नका. अख्खं गवत गव्हाणीत घालून ते पायदळी जाण्यापेक्षा आठ रुपये केव्हाही बरे.

नेपियर (हिरव्या चाऱ्याचं उंच गवत) वाळवून ठेवता येईल का?

नाही, त्याचं कांडं जाड असतं, आत ओल राहते. नेपियरचा मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) करा. वाळवायला बारीक काडीचं गवत किंवा ओट घ्या.

यंत्रांसाठी अनुदान मिळतं का?

कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनांसाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करता येतो. कोणतं यंत्र यादीत आहे आणि किती टक्के मिळतं हे दरवर्षी तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या. एकट्यानं यंत्र घेण्यापेक्षा गटानं अवजार बँक (सगळ्यांनी मिळून वापरायची यंत्रं) केलेली बरी, कारण दोन एकरांच्या गवतासाठी घेतलेला कटर वर्षभर शेडमध्ये गंजतो. चारापिकं आणि गवताच्या जातींबद्दल अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात माहिती मिळते.

गवत भरताना-आणताना कशाची काळजी घ्यावी?

दोन गोष्टींची, आणि दोन्ही जिवावर बेतणाऱ्या आहेत. पहिली, वीजतार. खेप वाचवायच्या नादात ट्रॉली उंच रचली जाते आणि वर माणूस बसलेला असतो. वावरातल्या तारा उन्हाळ्याकडं आणखी लोंबतात. वाटेत कुठं तार खाली आहे ते आधी चालत जाऊन बघा, आणि भरल्या ट्रॉलीवर कुणालाही बसू देऊ नका. दुसरी, सायलेन्सर. वाळल्या गवतात ट्रॅक्टर उभा करताना सायलेन्सरला आणि इंजिनखाली अडकलेलं गवत काढून टाका, ठिणगी पडू शकते. ट्रॅक्टरवर पाण्याचा कॅन आणि जुनं पोतं ठेवा. डिझेलचा कॅन गंजीपासून लांब, सावलीत ठेवा, आणि डिझेल इंजिन थंड झाल्यावरच भरा.